बाबल पेंटरची घरची भिंत

बाबल पेंटर आज कोणाकडे कामाला आहेत हे देवबागात कोणी कोणाला विचारत नसे. त्यांचा उजवा कान बघितला की कळायचं. ब्रश कानावर अडकवायची सवय, तीही न पुसता. कान निळा असला तर होडी, हिरवा असला तर पर्यटकांच्या खोल्यांची एखादी पाटी, आणि चतुर्थीच्या आधीचा महिनाभर कानावर सगळेच रंग. त्यांची बायको, म्हणजे आमची भामाकाकी, जेवायला वाढता वाढता कानाकडे एक नजर टाकायची आणि म्हणायची, "आज दाजी तांडेलाच्या होडयेर होतास मां? मगे बांगडे खंय?" वाटेत कुठेतरी गजाली मारत बसून बांगडे तिथेच विसरून आलेले काका मग मान खाली घालून भात कालवायचे.

काका जाऊन आता दोन वर्षं होतील. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्यांच्याबद्दल काही गंभीर लिहावं म्हणून मी दोनदा बसले आणि दोन्ही वेळा मला हसू आलं. यात माझा काही दोष आहे असं मला वाटत नाही.

त्यांच्या आणि आमच्या घरांमध्ये माडाच्या झावळ्यांची एक वई होती. कुंपण म्हणायचं एवढंच, कारण तिच्यातून आवाज, वास, मांजरं आणि वाट्या बिनदिक्कत ये-जा करत. मी ओरोसला सरकारी कचेरीत कारकून. आठवडाभर तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचं आणि शनिवारी देवबागला आईकडे यायचं. आल्याबरोबर वईपलीकडून हाक यायची, "बाय, इलंस काय गो?" आणि मी उत्तर द्यायच्या आत काका आठवड्याची सगळी गंमत सांगून, माझ्याआधी स्वतःच हसून मोकळे झालेले असत.

त्यांची एक खोड साऱ्या गावाला पाठ होती. चार फटकारे मारले की मागे सरून बघायचं. मागे काय आहे ते मात्र बघायचं नाही. तसे ते एकदा खाडीत पडले होते, दोनदा तुळशीवर बसले होते, आणि एकदा तर कोणाच्या तरी ओट्यावरून थेट पेडव्यांच्या, म्हणजे बारक्या मासळीच्या, टोपलीत पडले. लोक धावले. काका उठले, खिशातून एक पेडवा काढून टोपलीत परत ठेवला, आणि पाटीकडे बघत म्हणाले, "अक्षर सरळ आसा."

अक्षरांच्या बाबतीत ते फार कडक. एका खोल्यावाल्याने पाटीवर लिहायला सांगितलं, 'समुद्र दोन मिनिटांवर'. काकांनी डबा खाली ठेवला, घड्याळ लावलं आणि समुद्रापर्यंत चालत गेले. गुडघा दुखत होता, वाटेत दोघं भेटले, एकाने सुपारी दिली. परत येऊन त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "एकवीस मिनटां." खोल्यावाला कपाळाला हात लावून बसला. शेवटी तडजोड झाली. त्या पाटीवर अजून आहे, 'समुद्र ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे'. पर्यटक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

"चित्र खोटा चलता गो बाय," ते मला म्हणाले होते. "अक्षर खोटा चलणा नाय."

आणि चित्रं ते खरोखरच मनसोक्त खोटी काढत. आमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी नव्याने रंगवायची पद्धत. आधीचं चित्र चुन्याखाली घालायचं आणि नवं काढायचं. गंमत अशी, की काय काढायचं हे घरमालक ठरवतो. काका दारात उभे राहायचे, ब्रश कानावर, आणि विचारायचे, "बोला, काय व्हया?" सांगाल ते काढून देत. स्वतःचं डोकं चालवणं त्यांच्या लेखी गिऱ्हाइकाचा अपमान. "इचारल्याशिवाय माझो ब्रश हलणा नाय," हे ते फुशारकीने सांगायचे.

आमच्या वाडीतल्या एका निवृत्त हवालदाराने हिमालय मागितला. काकांनी पांढराशुभ्र हिमालय काढला. हवालदाराची म्हातारी आई आली, बघितलं, आणि म्हणाली, "देवाक थंडी बाधतली." काकांनी वाद घातला नाही. हिमालयाच्या पायथ्याशी एक शेकोटी पेटवली. म्हातारी म्हणाली, लाकडं कुठली? तिथे काय झाडं आहेत? मग काकांनी बर्फात चार माड लावले, त्यातल्या एकाला शहाळीसुद्धा. त्या वर्षी कैलासावरचा उकाडा बघायला आम्ही सगळे जाऊन आलो.

अशा तीस-पस्तीस भिंती चतुर्थीआधी व्हायच्या. मग हरितालिकेच्या संध्याकाळी काका घरी यायचे ते पाय ओढत. ब्रश धुवायचे, दोन घास खायचे आणि झोपायचे. त्यांच्या स्वतःच्या घरातली भिंत कोरी. भामाकाकी दोन खिळे मारून मागे आपलं एक ठेवणीतलं लुगडं ताणून बांधायची आणि त्याच्यापुढे गणपती बसायचा. मी सांगते आहे त्या वर्षी लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती, आणि बत्तीसही वर्षं हेच. एरवी काकी याचीही थट्टा करायची. पण एकदा आमच्या स्वयंपाकघरात आईबरोबर नारळ खवताना ती मध्येच थांबली.

"सगळ्यांचे देव बागेत बसतत, हिमालयात बसतत," ती म्हणाली. "आमचो बसता माझ्या लुगड्याफुडे. माका वाईट वाटता गो. एक वर्स तरी तेंका घरची भिंत दिसाची."

मग कोरोना आला. पहिल्याच महिन्यात वाडीने ठरवलं की कोणी कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. काकांना तर पन्नास वर्षं थिनर हुंगून दमा लागलेला. मुंबईहून मुलगा रोज फोनवर ओरडायचा, "बाबा, वईच्या भायर पाय टाकू नको!" मीही देवबागलाच अडकले होते. ओरोसच्या फायली आईच्या माजघरात आल्या आणि मी खिडकीशी बसून त्या बघायच्याऐवजी वईपलीकडे बघू लागले.

तिकडे बाबल पेंटर नावाचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा दिवसाउजेडी घरात होता आणि त्याच्याकडे होडीच्या रंगाचे पाच उरलेले डबे होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी बादली रंगवली. मग रहाट. मग तुळशीवृंदावन, न्हाणीचा दरवाजा, काकीचा बसायचा पाट. माडांना नंबर घातले. पाळीव मांजर चार दिवस घराकडे फिरकलं नाही, ते शहाणं निघालं. एक दिवस काकांनी रगड्याची बैठक रंगवली, रंग जरा आतही गेला, आणि दुसऱ्या दिवशी न्याहारीला आंबोळ्या निळसर झाल्या. काकीने ती ताटली घेऊन खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन साऱ्या जगाला दाखवली.

"ह्यो बघ बाय, ह्यो बघ! समुद्र इलो ताटात!"

त्या संध्याकाळी तिने निकाल दिला. मी वईशीच होते, त्यामुळे साक्षीला.

"भायरचा काय एक रंगवक गावाचा नाय आता," ती म्हणाली. "रंगवची तर गणपतीची भिंत रंगवा. ह्या वर्सा कोणाकडे जावचा नाय, कोण तुमका बोलवणा नाय. आता निमित्त खंयचा सांगतल्यात?"

"रंगवतंय मां," काका म्हणाले. "चतुर्थी लांब आसा."

"आनी झाली नाय तर ऐका. माझो भाचो कसालाक फ्लेक्स छापता. मी तेका सांगलेला आसा. धबधबो, आनी दोन बाजूक दोन मोर."

काकांच्या हातातला ब्रश खाली पडला. फ्लेक्स! त्या फ्लेक्सने त्यांच्या निम्म्या पाट्या खाल्ल्या होत्या. ते त्याला शिव्या देत नसत, पण मोठा वारा होऊन गेला की सकाळी सायकल काढून मालवणपर्यंत जायचे आणि किती फाटले ते बघून ताजेतवाने होऊन परत यायचे. आता तो फ्लेक्स बाबल पेंटरच्या घरात, गणपतीच्या मागे लागणार, आणि तोही बायकोच्या हाताने. वाडीतल्या प्रत्येक घरात ही बातमी पोचायला एक तास लागला, तोही पाऊस होता म्हणून.

दुसऱ्या दिवशी काका भिंतीसमोर उभे राहिले. तिसऱ्या दिवशीही उभेच होते. चौथ्या दिवशी मला चमत्कारिक प्रकार दिसला. काका ब्रश कानावर ठेवून घराबाहेर आले, पायरीवर उभे राहिले आणि स्वतःच्याच दाराची कडी वाजवली. काकीने दार उघडलं.

"बोला, काय व्हया?" काकांनी विचारलं.

"तुमका काय व्हया ता काढा."

"गिराईक असा बोलणा नाय!"

"मगे ह्या गिराईक असाच बोलता," काकी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

काका तसेच वईशी आले. "बाय, तू गिराईक हो गो वायच."

मी म्हटलं, "हिमालय."

"तो हवालदाराकडे काढलंय."

"बाग, कारंजं, हरणं."

"ती सात घरात आसा. हरणां कंटाळली."

"मग काका, तुमच्या मनात असेल ते काढा ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही वावगं बोलले. "माझ्या मनात काय आसतला? पन्नास वर्सां मी लोकांच्या मनातला काढतंय. माझ्या मनात काय आसा ता बघूक येळ खंय होतो?" एवढं बोलून ते हसले, पण हसणं नेहमीसारखं मोठं झालं नाही. ते भिंतीकडे परत गेले आणि मला एकदम त्यांची दया आली. गावातल्या शंभर भिंती या माणसाने भरल्या होत्या, आणि स्वतःच्या भिंतीवर रेघ ओढायची त्याला भीती वाटत होती.

यातून वाट निघाली ती त्यांच्या त्या मागे सरायच्या खोडीतून. त्यांचं माजघर लहान. गणपतीच्या भिंतीकडे तोंड करून चार पावलं मागे सरलं की उंबरा ओलांडून माणूस स्वयंपाकघरात. काका कोऱ्या भिंतीकडे बघत बघत मागे जायचे आणि दर वेळी काकीच्या रोवळीवर, नाहीतर तांदळाच्या सुपावर जाऊन आदळायचे. "अवो, चुलीत पडशात!" असा ओरडा मला दिवसातून दहा वेळा ऐकू यायचा. शेवटी वैतागून काकीने तिथे एक पाट टाकला आणि म्हणाली, काय बघायचं ते इथे बसून बघा, पण हलू नका.

तर काका बसले. तिथून त्यांना भिंत दिसायची आणि भिंतीच्या अलीकडे काकी. बत्तीस वर्षांत त्यांनी तिला या वेळी कधी बघितलंच नव्हतं. सकाळी नऊला ते बाहेर पडायचे आणि दिवे लागल्यावर यायचे. काकी अडाळीवर, म्हणजे विळीवर, बसून मासे कापत होती, मनगटाने केस मागे सारत होती, तव्यावरच्या आंबोळीशी काहीतरी पुटपुटत होती. हे मला काकांनीच नंतर सांगितलं. "बाय," ते म्हणाले, "ती भांड्यांकडे बोलता! माका म्हायतच नव्हता!"

त्या दुपारी काकीचं जुनं लुगडं त्या भिंतीवर पडद्यासारखं लागलं. त्यामागे काय चाललंय ते कोणी बघायचं नाही, काकीनेही नाही, अशी सक्त ताकीद. काकीने ती पाळली. "बत्तीस वर्सां थांबलंय, तर आणखी वायच," ती आईला म्हणाली. पण वईतून मला रोज नवं काहीतरी ऐकू यायचं.

"गो, ती अडाळी परत धर."

"कापूक काय नाय घरात!"

"नुसती धर. आनी मान वळय. तशी नाय, रागान वळय."

"रागान वळवूक येगळा काय करूक व्हया?"

आषाढ गेला, श्रावण लागला. त्यांच्याकडे श्रावण कडक पाळत, घरात मासळीचा तुकडा नाही. दुकानं अर्धी बंद, त्यामुळे रंग होडीचेच, निळा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि थोडासा काळा. काका सकाळी पडद्यामागे जायचे आणि दुपारी तांबड्या कानाने बाहेर यायचे, गाणं गुणगुणत. त्यांचा दमासुद्धा त्या महिन्यात कुठे गेला होता कोण जाणे. मी आईला म्हटलं, काका इतके खूश मी कधी बघितले नाहीत. आई म्हणाली, उद्या ते धबधब्याचे मोर आले की बघू.

हरितालिकेच्या दिवशी सकाळी मोर आले. कसालहून भाजी घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याने फ्लेक्सची गुंडाळी वईशी टाकली. काकीने ती उचलून ओटीवर भिंतीला टेकून ठेवली. काका तिच्याकडे न बघता दोनदा आतबाहेर झाले. दुपारी चारच्या सुमाराला त्यांची हाक आली.

"गो, ये. बाय, तू पण खिडकेर ये."

मी तोंडाला मास्क बांधून त्यांच्या माजघराच्या खिडकीशी उभी राहिले. काकांनी लुगडं ओढलं.

भिंतीवर त्यांचं स्वयंपाकघर होतं, जसंच्या तसं. कौलातून येणारा उजेडाचा पट्टा होता, तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मुलाच्या फोनची वाट बघणारा मोबाईल होता, धीट होऊन परत आलेलं मांजर होतं. आणि मधोमध जरा डावीकडे, अडाळीवर, होडीच्या निळ्या रंगाचं लुगडं नेसलेली भामाकाकी बसली होती. मान वळलेली, एक बट कपाळावर, आणि तोंड नुकतंच उघडलेलं. पुढच्या क्षणी ती काहीतरी बोलणार, आणि ते आपल्याला ऐकावं लागणार. पन्नास वर्षांत एकही ओळखीचं माणूस न काढलेल्या माणसाने ही काकी काढली होती. मला खिडकीतच हुंदका आला आणि मास्कमुळे नाक पुसता येईना.

काकी पुढे गेली.

"ही मी?"

"तू."

"मी अशी दिसतंय?"

"माका तरी."

काकीने पदराने डोळे पुसले. पुसून झाल्यावर डोळे स्वच्छ झाले असावेत, कारण तिचं बोट हळूहळू वर आलं.

"आनी ह्या काय?"

"बांगडे," काका कौतुकाने म्हणाले.

"आनी ह्या?"

"सुरमय."

"आनी त्या रोवळेत?"

"तिसरे. आनी बाजूक सुंगटां. तांबडो रंग उरलेलो..."

"उद्या सकाळी गणपती येतलो!" काकीचा आवाज कौलांना लागला. "नि तेच्या कानाकडे सुरमय? देव मोदक खातलो की बांगडो?"

काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. खरं सांगते, त्यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं. चतुर्थीच्या दिवसांत आमच्याकडे घरात कांदासुद्धा चिरत नाहीत, आणि यांनी देवाच्या मागे मासळीबाजार मांडला होता. आषाढात होते दोन बांगडे. श्रावण जसजसा पुढे सरकला, तसतशी भिंतीवरची मासळी वाढत गेली.

"श्रावणात तोंड बंद ठेवलंय," काका कसंबसं म्हणाले. "हात खंय बंद ठेवतलंय? आनी घर काढूचा तर घरात काय मोगरे आसत?"

काकी ताडताड ओटीवर गेली. फ्लेक्स घेऊन आली आणि उलगडला. धबधबा होता, मोर होते, आणि खाली कोपऱ्यात ठळक अक्षरांत भाच्याच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर. तिने एक टोक भिंतीला लावून धरलं. मोर नेमका तिच्या चित्रातल्या तोंडावर आला. काका खाली बघत होते. मी खिडकीचे गज घट्ट धरले होते. काकीने मोराकडे बघितलं, मग फ्लेक्स थोडा बाजूला करून स्वतःकडे बघितलं, पुन्हा मोराकडे. तिच्या हातात हातोडा होता आणि दातांत खिळा.

तिने खिळा काढून काकांच्या हातात दिला.

"बाय," ती मला म्हणाली, "सांग बघया, चतुर्थीक कसली कसली भाजी चलता?"

पुढचे तीन तास मी खिडकीतून भाज्यांची नावं ओरडत होते आणि आत मासे धर्मांतर करत होते. बांगड्यांच्या अंगावर पट्टे असतातच, त्यांची झाली तवशी, आमच्याकडच्या हिरव्या काकड्या. सुरमईचं पडवळ झालं, तिने फारसा त्रास दिला नाही. सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मिशा पुसून तांबड्या मिरच्या केल्या. तिसऱ्यांवर, म्हणजे शिंपल्यांवर, घोडं अडलं. काका म्हणाले, लसूण करू? काकी ओरडली, "लसूण चलणा नाय!" आणि मग मला फणसाच्या आठळ्या सुचल्या. काकांनी मला खिडकीतून नमस्कार केला. काकी टेबलफॅन हातात धरून भाजीवरून भाजीवर रंग सुकवत फिरत होती आणि हसून हसून तिच्या हातातला पंखा हलत होता. फक्त मांजराचं काय करायचं ते कोणाला सुचलं नाही. ते आधी सुरमईकडे जीव टाकून बघत होतं, ते आता पडवळाकडे तितक्याच आशेने बघत राहिलं.

चतुर्थीला गणपती आला आणि भिंतीपुढे बसला. वाडीने खिडकीतून दर्शन घ्यायचं ठरवलं होतं, त्यामुळे काकांच्या खळ्यात मास्क लावलेल्यांची रांग लागली. एका तवशाला घाईत डोळा राहून गेला होता, तो प्रत्येकाला दिसला आणि प्रत्येकाने काकीला हाक मारून दाखवला. हवालदार दोनदा रांगेत उभे राहिले. पुढच्या वर्षी आमची आई अशीच काढून द्या म्हणाले, हिमालय नको. काकी आत देवाशेजारी बसून सगळ्यांना उत्तरं देत होती, आणि चित्रात होती तशी मान वळवायचा तिचा प्रयत्न चालला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दाजी तांडेल सगळ्यांत शेवटी आले. म्हातारा माणूस, नजर समुद्रावर तयार झालेली. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"सगळा आसा रे बाबल्या," ते म्हणाले. "घर आसा, भामा आसा, मांजर आसा. तू खंय?"

"रंगवणारो भिंतीर नसता, दाजी," काका म्हणाले आणि मोठ्याने हसले. काकी हसली नाही. तिने वळून भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितली.

पाच दिवसांनी गणपती गेला. दुसऱ्या दिवशी मला ओरोसला हजर व्हायचं होतं, एसटी सुरू झाली होती. पुढे माझी बदली झाली, देवबागचं येणं सणावारापुरतं उरलं आणि काकांना मी शेवटचं असं निवांत बघितलं ते त्या सकाळीच. पिशवी खांद्याला लावून मी निरोप घ्यायला खिडकीशी गेले.

गणपती उठल्यावर भिंतीवर एक मोठा पांढरा तुकडा उघडा पडला होता, मुकुटापासून पाटापर्यंत, देवाच्या पाठीच्या आकाराचा. भिंती रंगवणारे सगळेच तेवढी जागा सोडतात. मूर्ती बसली की ती झाकली जाते, रंग कशाला फुकट घालवा. हरितालिकेला मासळीच्या गडबडीत तिकडे कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. काकीला हे काय माहीत असणार? तिच्या घरात भिंत पहिल्यांदाच रंगली होती.

"हयसर कोण बसाचो होतो?" ती विचारत होती.

"गणपती बसता थंय. ती जागा कोणाक दिसता?"

"माका दिसता. वर्सभर दिसतली." तिने त्यांच्या कानावरचा ब्रश काढून घेतला. "बसा त्या पाटार."

"मी?"

"दुसरो कोण आसा घरात?"

काका पाटावर बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या भिंतींकडे बघत आलेला माणूस, त्याच्याकडे अशी टक लावून कधी कोणी बघितलं नव्हतं, त्यामुळे त्यांना कसं बसायचं ते कळेना. आधी त्यांनी छाती पुढे काढली. मग हसू आलं म्हणून ओठ आवळले. मग डोक्यावरून हात फिरवला, जिथे फारसे केस नव्हते. काकीने एक लांबट गोल काढला. काका अर्धवट उठून बघायला लागले.

"बसा!"

"डोक्या मोठा झाला गो."

"मोठाच आसा. बसा."

ते बसले. काकीने ब्रश बुडवला, त्यांच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, पुन्हा त्यांच्याकडे. मला एसटीची घाई होती, तरी पाय निघेना.

"हात खंय ठेवू?" काकांनी हळूच विचारलं.

"खंय पण ठेवा. हात माका काढूक येणत नाय."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत धरले.

"होऊक नाय अजून?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"नाय," काकी म्हणाली. ब्रश तिने केव्हाच खाली ठेवला होता. "गप रवा. माका वायच बघूक द्या."